ज्या कप्प्याला मी दार म्हटलं

माझी माय शाळेत एक दिवसही गेली नाही, पण सोळा चिन्हं ती ओळखायला शिकली. बाबांना तुरुंगात जावं लागू नये म्हणून शिकली. शून्य ते नऊ आकडे तिला बाजारामुळे थोडेफार माहीत होतेच. पुढची सहा इंग्रजी अक्षरं तिने आपल्या डोक्यानं बसवली. ए म्हणजे झोपडी. सी म्हणजे विळा. ई म्हणजे फणी, आणि एफ म्हणजे दात पडलेली फणी. बी हे अक्षर यंत्राच्या लाल दिव्यांच्या पट्टीवर पोट पुढे आलेल्या बाईसारखं दिसायचं, म्हणून ती पोटुशी. डी उलट्या बाजूनं फुगलेलं, म्हणून पाठंगुळी. बाजेवर ते यंत्र ठेवलेलं, माय एका हातानं बटण दाबायची आणि मोठ्यानं म्हणायची, "तीन झोपडी. चार शून्य. दोन शून्य. विळा पाठंगुळी." मी वहीत लिहायची. आज हे सांगितलं की कोणी हसतं, मीही हसते, पण तेव्हा आमच्या घरात कोणी हसत नव्हतं.

आम्ही पुलगावच्या कडेला राहायचो. माझे बाबा, महादेवराव, एका कापसाच्या जिनात गाठ बांधायच्या प्रेसवर होते. ते जिन आता नाही, नाव घेत नाही. सरकी काढलेली रुई एका खोल लोखंडी पेटीत भरायची, खालून मोठा दट्ट्या वर येऊन ती दाबायचा, आणि दोन-तीन फेऱ्यांत एक गाठ तयार व्हायची. पण रुई अशी गुणाची नसते हो, फुगते, कोपऱ्यात शिरत नाही. म्हणून दर फेरीला एक माणूस पेटीत उतरायचा आणि पायानं तुडवायचा. कंबरभर पांढऱ्यात उभा राहून, दोन्ही हात कडेला धरून, धप धप धप. तुडवणारा बाहेर आला की ओरडायचा, "निंघालो!" मग दार बंद, मग बाबांचा आंगठा हिरव्या बटणावर. हंगामात आमच्या घरात सगळ्या वस्तूंवर रुईचे तंतू असायचे. अंबाडीच्या भाजीत, पाण्याच्या माठावर, मायच्या भुवयांवर. बाबा जेवायला बसले की माय आधी त्यांच्या कानातला कापूस काढायची आणि मगच भाकर वाढायची. "कानात पिकते तं वावर काऊन करा," असं ती दर हंगामात एकदा तरी म्हणायचीच.

जिनातले वायरमन गुलाबराव, आमचे गुलाबकाका, रोहण्याचे. खोली करून पुलगावात राहायचे आणि आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी आमच्याकडेच जेवायचे. मायच्या हातचा गोळाभात त्यांना फार आवडायचा. वरून कढत तेल ओतताना ते डोळे मिटून घ्यायचे, जसं काही देवापुढे बसले आहेत. मला तारेचं टोक सोलायला त्यांनीच शिकवलं. दुरुस्तीच्या कामाची मला आवड आहे हे आमच्या घरात सगळ्यांत आधी त्यांनाच कळलं.

त्या हंगामात बाबांच्या प्रेसला नवा खोका बसला होता. जुने दांडे-खटके जाऊन आत एक छोटं इलेक्ट्रॉनिक डोकं आलं. दार उघडं असताना दट्ट्या वर यायचाच नाही, असं बसवायला आलेल्या माणसानं सांगितलं होतं. बाबांनी नारळ फोडला. आणि हंगाम अर्धा सरला नसेल, तोच एका दुपारी सुखदेव मडावी पेटीत तुडवत असताना दट्ट्या वर आला.

सुखदेव कारंज्याकडच्या एका गोंडी वस्तीतला. बायको सुमन आणि तो दोघंही हंगामापुरते यायचे. ती रुई वेचायची, तो तुडवायचा. तुडवताना तो आपल्या भाषेत काहीतरी गुणगुणायचा. बाबा म्हणायचे, त्याचं गाणं थांबलं की मला कळे, आता निघाला. त्या दिवशी गाणं थांबलं आणि "निंघालो" आलं नाही. पुढचं मी लिहीत नाही. बाबांनीही मला कधी सांगितलं नाही. एवढंच ठाऊक आहे की सगळ्यांत आधी गुलाबकाका धावले, मेन स्विच त्यांनी पाडला, दाराशी तेच आधी पोचले, आणि खांद्यापर्यंत दोन्ही हात त्यांनीच आत घातले.

संध्याकाळी पोलीस बाबांना घेऊन गेले. दोन दिवसांनी जामिनावर सोडलं, तेव्हा ते बाजेवर बसले आणि आपल्या उजव्या आंगठ्याकडे बघत राहिले. "म्या बटन दाबलं नाई," ते म्हणाले. "माह्या हातात चहाचा कप होता."

माय म्हणाली, "मंग सांगा ना त्याईले."

"सांगतलं. लाइन लपकली होती हेबी सांगतलं. तं थो फौजदार म्हणते, लाइन रोजच लपकते."

आणि ते खरंच होतं. वीज डोळा मारावा तशी जायची-यायची, दिवसातून चार वेळा. कोणी ते लिहून घेतलं नाही. जिनात सगळे एकच म्हणत होते, महादेवचा आंगठा पडला असेल. त्यानंतर आमच्या घरी चूल पेटायची, भाकर व्हायची, आणि तशीच टोपलीत वाळून जायची. शेजारच्या बायका दारावरूनच विचारायच्या. भोंगा झाला की बाबा उठून उभे राहायचे, कुठे जायचं नाही हे आठवलं की पुन्हा बसायचे.

चौकशीसाठी एक सरकारी साहेब येणार होते. त्यांना हवं होतं की यंत्रातलं डोकं धड आहे का ते कोणीतरी तपासावं. बनवणारी कंपनी लांब, त्यांचा माणूस येईना. गावात असलं कळणारा एकच माणूस होता, मेश्रामकाका. दारूगोळ्याच्या डेपोतून निवृत्त झालेले, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवणारे. बारावीत नापास झाल्यापासून मी त्यांच्याच दुकानात बसायची. त्यांच्याकडे एक शिकायचं यंत्र होतं, ताटाएवढी हिरवी पाटी, तिच्यावर बटणं आणि लाल आकडे. खोक्यातली चिप काढून त्यांनी त्यात बसवली. चिपच्या पाठीवर काचेची खिडकी असते, तिच्यावर चिकटलेला कागद काढायचा नाही, उन्हानं आतलं सगळं पुसतं, हे त्यांनी मला दहादा बजावलं. मग चष्मा काढला.

"मोतीबिंदू हाय माहा," म्हणाले. "आकडा एक चुकला तं पुरा डाव चुकते. तू वाच. घरी घेऊन जाय. तुह्या मायले बसव संगं."

तर असं ते यंत्र आमच्या बाजेवर आलं, आणि असे ते दोन हजार अठ्ठेचाळीस आकडे मायच्या तोंडून माझ्या वहीत उतरले. आता यंत्राची भाषा माणसाच्या वाचण्याजोगी करून द्यायला डिसअसेंबलर नावाचा प्रोग्रॅम असतो, एका क्षणात होतं. तेव्हा डिसअसेंबलर मीच होते. मेश्रामकाकांनी दिलेला तक्ता समोर, त्यात प्रत्येक आकड्याचा अर्थ. तीन झोपडी म्हणजे यंत्राच्या स्मरणातल्या अमुक कप्प्यातलं काढून घे. तीन-दोन म्हणजे अमुक कप्प्यात ठेव. कप्प्याचा पत्ता पुढच्या दोन आकड्यांत, आणि तोही उलटा, आधी घर, मग गल्ली. विळा-तीन म्हणजे तिकडे उडी मार.

नातवंडांच्या वयाची पोरं आता हे काम शिकायला माझ्याकडे येतात, त्यांना मी जे सांगते ते सगळं त्या बाजेवर शिकले. मूळ चिपला हात लावायचा नाही, उतरवून घेतलेल्यावरच काम करायचं. सगळं वाचत बसायचं नाही, आयुष्य पुरत नाही. आपल्याला कशाचं उत्तर हवंय ते आधी ठरवायचं, आणि यंत्र बाहेरच्या जगाला जिथं हात लावतं, म्हणजे बटण जिथं वाचतं, मोटार जिथं सुरू करतं, तिथून धागा धरायचा. आणि सगळेच आकडे हुकूम नसतात. काही नुसते साठवलेले असतात. मी एकदा नुसत्या वेळेच्या कोष्टकालाच हुकूम समजून चार पानं वाचली, आणि यंत्र वेडं आहे असं ठरवून टाकलं. काका हसले. "यंत्र येडं नाई झालं, तू रस्त्यावरून उतरली. उडी कुठं पडते ते पाह्य, तिथूनच मोज."

हळूहळू अर्थ उगवायला लागला. अंधारात भांडी चाचपावी तसं. हे हिरवं बटण. हे दाराचं बटण. हा दट्ट्या. एके जागी यंत्र दार वाचत होतं, आणि दार बंद असेल तर लगेच एका कप्प्यात एक लिहून ठेवत होतं. मी त्या कप्प्याभोवती पेन्सिलीनं चौकोन काढला आणि नाव दिलं, दार.

काकांनी वही डोळ्याजवळ धरून पाहिली. "हे नाव कच्चं हाय का पक्कं?"

"पक्कं."

"कुठं कुठं लिहिते थे त्यात, सगळ्या जागा पाह्यल्या का? कच्च्या नावापुढं मी प्रश्नचिन्ह टाकतो."

"काका, दार वाचलं की लगेच लिहून राह्यलं ना. दुसरं का असंन?"

त्यांनी वही परत दिली. साहेब दुसऱ्या दिवशी येणार होते, आणि सगळ्या जागा शोधायच्या म्हणजे सगळी वही पुन्हा ओळीनं चाळायची. मी पहिली पानं तेवढी पुन्हा पाहिली, वीज आल्याबरोबर चालणारी. तिथं यंत्र तोच कप्पा बघत होतं. त्यात एक असेल तर दट्ट्या वर. माझ्या वहीत ते असं उमटलं: वीज आली, दार बंद असेल तरच दट्ट्या वर. किती शहाणं यंत्र! एकदा नाव दिलं ना, की मग डोळे आकडा वाचतच नाहीत, नाव वाचतात.

साहेब आले. जिनाच्या ऑफिसात मॅनेजर, बाबा, गुलाबकाका, मेश्रामकाका, कोपऱ्यात भिंतीला टेकून सुमन. मी दोन वेण्या घालून, वही छातीशी धरून. साहेबांनी नीट विचारलं, मीही नीट सांगितलं. दार उघडं असताना हे यंत्र दट्ट्या वर आणूच शकत नाही, हिरवं बटण दाबलं तरी नाही. म्हणजे माझ्या बाबांचा आंगठा पडला असता तरी काही झालं नसतं.

"मग वर आला कसा?" साहेब म्हणाले.

"दार बंद आहे असं यंत्राला वाटलं असेल. दाराचं बटण कोणीतरी दाबून ठेवलं असेल."

हे बोलताना मला फार हुशार वाटलं. ते खोटं कशाला सांगू. त्या काळी काही जिनांत वेळ वाचवायला दाराच्या बटणात लाकडाची फाचर ठोकायचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी कोणाचं नाव घेतलं नाही. घ्यावंही लागलं नाही. दाराची वायरिंग कोणाकडे होती? सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

"म्या फाचर लावली नाई," गुलाबकाका म्हणाले. मग मोठ्यानं, "महादेव, सांग ना! म्याच तं पोट्ट्याईले शिव्या देतो फाचरीसाठी!"

मॅनेजर म्हणाला, "फाचर सापडली नाही, कारण दाराशी सगळ्यांत आधी तूच पोचला."

बाबांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडेच पाहत होते. ते उघडलं, आणि मिटलं. भिंतीजवळून सुमन उठली, गुलाबकाकांसमोर येऊन उभी राहिली, त्यांच्या हातांकडे बघत राहिली. ते हात त्यांनी पाठीमागे नेले.

घरी येताना बाबा म्हणाले, "गुलाब असं करणार नाई, सुले."

"बाबा, वही खोटं बोलते का?"

बाबा पुढं चालू लागले. ते सुटले, हे त्यांना कळत होतं. कशावर सुटले तेही कळत होतं. गुलाबकाकांची नोकरी गेली, खटला चालला, शिक्षा झाली. माय मग गोळाभात करेनाशी झाली. बाबांनी चहा सोडला आणि त्या जिनात पुन्हा पाय टाकला नाही. मरेपर्यंत एका गोदामावर पहारा केला. मला मात्र गावानं डोक्यावर घेतलं. मशीनचं मन वाचणारी पोरगी. मेश्रामकाकांनंतर दुकान मी चालवलं, संगणक आले तसे तेही शिकले, कुठल्या कुठल्या गावांहून बंद पडलेल्या मशिनींची डोकी माझ्याकडे यायला लागली. माझं सगळं आयुष्य त्या दुपारवर उभं आहे, हे मी अभिमानानं सांगायची.

मागल्या वर्षी भाचीनं लॅपटॉप दिला. त्यात डिसअसेंबलर तर होताच, डीकंपायलरही होता, म्हणजे यंत्राचे हुकूम उचलून थेट शिकलेल्या माणसाच्या वाक्यांत मांडणारा. शिकणाऱ्या पोरांना दाखवायला काहीतरी लहान हवं, म्हणून मी ती जुनी वही काढली आणि सगळे आकडे त्यात भरले. डीकंपायलर गोड बोलतो, हे पोरांना सांगतच होते. त्याची वाक्यं सुरेख असतात, म्हणून लगेच विश्वास टाकायचा नाही, खालचे हुकूम उघडून ताडून बघायचे. आणि सांगता सांगता त्या कप्प्याला मी सवयीनं नाव दिलं, दार. मग एक कळ दाबली, या कप्प्याला कुठून कुठून हात लागतो ते दाखव म्हणून. चाळीस वर्षांपूर्वी ज्याला एक दिवस लागला असता, ते पापणी लवायच्या आत समोर आलं. चार जागा. दोन ठिकाणी यंत्र तो वाचतं. एके ठिकाणी एक लिहितं, फेरीच्या सुरुवातीला. आणि शून्य फक्त एकाच ठिकाणी, गाठ पूर्ण बांधून झाल्यावर.

दार उघडल्यावर नाही.

मी पोरांना म्हटलं, आज जा घरी. मग बसून राहिले. ज्यातला एक दार उघडलं तरी एकच राहतो, ते दार कसलं? तो कप्पा सांगत होता की गाठ अर्धवट आहे. वीज आली की यंत्र बघायचं, गाठ अर्धवट आहे का, असेल तर पुढं चालव. दार बघायचंच नाही. वीज नीट गेली तर कप्प्यातलं पुसून जायचं, काही व्हायचं नाही. पण नुसती लपकली, डोळा मारल्यासारखी, तर कप्पा विसरायचा नाही. आणि त्या वेळी दुसऱ्या फेरीसाठी कोणी आत तुडवत असेल तर. लाइन लपकली हे बाबांनी तर सांगितलं होतं. त्यांनी घरी सांगितलं, पोलिसांना सांगितलं, आणि माझ्या समोर सांगितलं.

गुलाबकाका आहेत, रोहण्यात मुलाकडे राहतात, हे मला माहीत होतं. मी कधी गेले नव्हते. या वेळी गेले. ओसरीवर बसून ते तुरीच्या शेंगा सोलत होते. दाणे बरोबर सुपात पडत होते.

"कोण हाय?"

"मी सुली. प्रेसवाल्या महादेवरावची."

"ये, बैस. डोकं पांढरं झालं तुहं."

"तुमचं तं उरलंच नाई, काका."

ते हसले. सुनेनं चहा आणला. बोलता बोलता तीच म्हणाली, मामंजी दरवर्षी पेरणीच्या आधी कारंज्याकडे जात, सुमनबाईच्या वावरात दोन दिवस राबून येत, आता गुडघ्यानं जाणं होत नाही म्हणून मुलाला धाडतात. चहाचा कप मी खाली ठेवला. मी पिशवीतून छापलेले कागद काढले, आणि सांगितलं. सावकाश, एकेक पायरी. वीज कशी लपकली, यंत्रानं काय केलं, मी काय चुकले. त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"यात माहं नाव कुठं हाय?"

"कुठंच नाई, काका. कधीच नव्हतं. ते मी लिहिलं होतं."

त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि पुढची शेंग उचलली. मग म्हणाले, "पण फाचर तं म्याच लावली होती, पोरी."

"नाई लावली. तुमी तेव्हा ओरडून सांगत होते, नाई लावली म्हणून."

"ओरडत होतो. भेव वाटलं होतं म्हणून. मंग आतमंधी बसल्या बसल्या आठवलं. मशीनमंधी तसं लिहिलं हाय म्हणे, तं असंनच. बाभळीची होती. सकाळच्या पाळीले म्या सोलली, इथं साल लागली होती आंगठ्याले." त्यांनी आंगठा मला दाखवला. "सुमनच्या पायावर डोकं ठिवून सांगून आलो मी."

"काका, फाचर नव्हतीच. मी खात्रीनं सांगून राह्यली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. लहानपणी तारेचं टोक मी चुकीचं सोललं की बघायचे, तसं.

"तेव्हाबी तू असंच खात्रीनं सांगतलं होतं, सुले," ते म्हणाले, आणि सूप पुढं ओढलं.